तीन ग्रॅमचं विमान, तीस हजार व्होल्ट

हलक्या लाकडाच्या काड्यांचा एक त्रिकोण. खालच्या अंगाला पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची पट्टी, वरच्या अंगाला केसासारखी बारीक तांब्याची तार आणि दोन्हींमध्ये तीनेक सेंटिमीटर मोकळी हवा. सगळं मिळून वजन दोन-तीन ग्रॅम. त्याला पंखा नाही, मोटार नाही, हलणारा एकही भाग नाही. तिन्ही कोपरे दोऱ्यांनी टेबलाला बांधलेले असतात. तार आणि फॉइल यांच्यामध्ये 25-30 हजार व्होल्टचा दाब दिला की आधी शिस्स असा बारीक आवाज येतो. मग झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा उग्र वास येतो आणि बघता बघता त्रिकोण टेबल सोडतो. दोरे ताणले जाईपर्यंत वर चढतो आणि तिथेच थरथरत राहतो. खोलीत अंधार केला तर तारेच्या कडेने जांभळट झळाळी दिसते.

याला लिफ्टर म्हणतात. आठवी-नववीतल्या एखाद्या पोराने हे एकदा मोबाईलवर पाहिलं की त्याला रात्री झोप लागत नाही. लागूही नये. पंखाशिवाय उडणारी वस्तू पाहून ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही, त्याला विज्ञान शिकवणं अवघड आहे.

समजा, अमडापूरचा असा एक मुलगा शाळेत येऊन सांगतो, "सर, हे खरंच उडते. आपण प्रदर्शनात ठेवू." चिखली-खामगाव रस्त्यावरच्या या गावातून तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चिखलीला जायचं असतं आणि तयारीला हाताशी दिवस थोडे असतात. सरांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको. "राहू दे बाप्पा. करंट लागला तं कोण जबाबदार? तू पाणी शुद्धीकरणाचं मॉडेल कर." सरांची भीती खोटी नाही. पण त्यांच्या नकाराने गोष्ट संपत नाही. तो मुलगा पाणी शुद्धीकरणाचं मॉडेल करतो आणि लिफ्टर घरी करतो. एकटा, रात्री, भंगारात मिळालेल्या जुन्या टीव्हीवर.

खरा धोका इथे आहे आणि शाळांनी या प्रयोगाला नकार देण्याऐवजी तो आपल्या टेबलावर घेतला पाहिजे, असं म्हणण्याचं कारणही हेच आहे.

जुना, पाठीमागे फुगीर असलेला रंगीत टीव्ही आता भंगारात सहज मिळतो. त्याच्या पिक्चर ट्यूबला लागणारे 20-25 हजार व्होल्ट आत बसवलेला एक ट्रान्सफॉर्मर तयार करतो. टीव्ही दुरुस्त करणारे त्याला एलओटी म्हणतात. घरगुती लिफ्टर करणाऱ्यांची नजर नेमकी त्यावर असते. पण प्लग काढला म्हणून टीव्ही मरत नाही. पिक्चर ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते आणि ती भार कित्येक तास, कधी कधी दिवसेंदिवस धरून ठेवते. त्याहून घातक वस्तू साधी दिसते. घरातल्या 230 व्होल्टच्या एसीचं डीसी करून साठवणारा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि अनेक जुन्या संचांत आतला पत्राच थेट लाईनला जोडलेला असतो. पोराचं सगळं लक्ष तीस हजार व्होल्टच्या ठिणगीकडे असतं आणि जीव घेणारा झटका या तीनशे व्होल्टच्या बाजूने येतो. टीव्हीचे जुने मेकॅनिक चालू संचात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवत, ते उगाच नाही. दोन्ही हात आत असले तर विजेची वाट छातीतून जाते.

किती वीज छातीतून गेली की घात होतो? वीजगळती झाली की पुरवठा तोडणारी, घरात बसवतात ती ईएलसीबी साधारण 30 मिलीअँपिअरला तुटते, कारण त्यापुढे हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. लिफ्टरला लागतो जेमतेम अर्धा-एक मिलीअँपिअर. म्हणजे मुद्दा व्होल्ट किती आहेत यापेक्षा, चूक झाली तर तो पुरवठा जास्तीत जास्त किती अँपिअर देऊ शकतो, हा आहे. आणखी एक गोष्ट पालकांनी मनात पक्की धरावी. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला झटका लागला तर घरातली ईएलसीबी तुटत नाही. तिला तो कळतच नाही. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला तर हातही लावू नये. त्याचे व्होल्ट दोन हजारांच्या आसपास, म्हणजे टीव्हीच्या मानाने कमी, पण मागची ताकद प्रचंड. त्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी काढायचा छंद अमेरिकेत पसरला आणि त्यात तीसहून अधिक माणसं गेली.

व्होल्ट आणि अँपिअर यांतला हा फरक अमडापूरच्या मुलाला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. तो त्याच्या शेताच्या बांधावर आहे. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून सोयाबीन-तूर राखायला शेतकरी झटका मशीन लावतात. त्या तारेत काही हजार व्होल्ट असतात. चुकून हात लागला तर माणूस ओरडतो, दोन शिव्या हासडतो आणि कामाला लागतो. कारण मशीन सेकंदाला साधारण एक इतकेच आणि अतिशय थोड्या वेळाचे ठोके देतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका ठोक्यातली ऊर्जा 5 ज्यूलच्या वर जाता कामा नये. त्याच बांधावर कुणी पैसे वाचवायला कुंपणात घरचा 230 व्होल्टचा करंट थेट सोडला, तर सकाळी तिथे डुकराऐवजी माणूस पडलेला सापडतो. विदर्भातल्या वर्तमानपत्रांना ही बातमी नवी नाही. हजारो व्होल्टच्या तारेने माणूस वाचतो आणि 230 व्होल्टच्या तारेने मरतो, हे कोडं वर्गात मांडून सोडवायला एक तास पुरेसा आहे. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं वीज लागून मरतात. त्यामुळे हा तास गणपतीच्या मांडवाला लाईट ओढणाऱ्या, मोटारपंपाचं स्टार्टर उघडणाऱ्या आणि डीपीवर फ्यूज टाकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कामाचा आहे.

आता लिफ्टर उडतो कसा? टोकदार किंवा बारीक वस्तूभोवती विद्युतक्षेत्र दाटून येतं. कोरडी हवा साधारण एका सेंटिमीटरला 30 हजार व्होल्टपर्यंत तग धरते. बारीक तारेच्या अगदी जवळ ही मर्यादा ओलांडली जाते आणि हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. जांभळट झळाळी तीच. शास्त्रात तिला कोरोना म्हणतात. साथीच्या विषाणूच्या नावातला शब्दही हाच, अर्थ मुकुट. इलेक्ट्रॉन गमावलेले रेणू, म्हणजे आयन, तारेपासून फॉइलकडे धाव घेतात आणि वाटेत साध्या रेणूंवर आदळत जातात. यात्रेच्या गर्दीत दहा-बारा जण घाईने एका दिशेला घुसले की धक्के खात खात सगळी गर्दीच तिकडे सरकते, तसं हे होतं. मूठभर आयन ढीगभर हवा खाली ढकलतात आणि हवेने दिलेल्या उलट धक्क्याने त्रिकोण वर जातो. न्यूटनचा तिसरा नियम, एवढंच. तळहात खाली धरावासा वाटतो, पण धरायचा नाही. जाणकार माणसं तिथे काठीला बांधलेली कागदाची झिरमिळी धरतात आणि ती फडफडताना दिसते.

टोकदार वस्तूतून निघणाऱ्या या विजेच्या वाऱ्याची नोंद अठराव्या शतकाच्या सुरुवातीचीच आहे. थॉमस टाउनसेंड ब्राउन या अमेरिकन माणसाने 1928 साली त्यावर आधारित यंत्राचं ब्रिटिश पेटंट मिळवलं. त्याला वाटलं, आपण गुरुत्वाकर्षणालाच हात घातला. अलेक्झांडर डी सेव्हर्स्की या विमानतज्ज्ञाने 1964 साली आयनोक्राफ्ट नावाने पेटंट घेतलं. तो हवेच्याच धक्क्याबद्दल बोलत होता, पण ब्राउनच्या कल्पनेची भुरळ अजून उतरलेली नाही. लिफ्टरच्या अर्ध्याअधिक व्हिडिओंच्या मथळ्यात गुरुत्वाकर्षणावर मात केल्याचे दावे असतात. मार्टिन ताजमार या संशोधकाने 2004 साली प्रयोग करून दाखवलं की हा सगळा विजेच्या वाऱ्याचाच परिणाम आहे. हवाच नसेल तर हा त्रिकोण ढकलणार कशाला?

आणि 2018 च्या नोव्हेंबरात खरी गोष्ट घडली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने 5 मीटर पंखांचं, 2.45 किलो वजनाचं विमान आयनांच्या वाऱ्यावर उडवल्याचं 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. एका बंदिस्त व्यायामशाळेत ते सुमारे 60 मीटर गेलं. बॅटरी विमानातच होती आणि विजेचा दाब 40 हजार व्होल्ट. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण 1903 साली 12 सेकंद आणि 37 मीटरच होतं. अमडापूरच्या पोराने टेबलावर दोऱ्याने बांधलेला त्रिकोण या विमानाचा सख्खा भाऊ आहे. एवढ्या ताज्या संशोधनाच्या इतकं जवळ जाऊ देणारे प्रयोग शाळेच्या आवाक्यात फार थोडे असतात.

महाराष्ट्रात हा विषय काढला की शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव येतंच. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातल्या या माणसाने 1895 साली गिरगाव चौपाटीवर मानवविरहित विमान उडवलं, असं सांगितलं जातं. अलीकडच्या काळात त्यात भर पडली की ते पाऱ्याच्या आयन इंजिनावर चाललं. 2015 साली त्यावर हिंदी सिनेमा आला. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला. उड्डाणाचा समकालीन ठोस पुरावा मात्र पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 सालीच केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे धडपडे होते, पारतंत्र्यात आकाशाचं स्वप्न पाहत होते आणि त्याबद्दल त्यांचा आदरच वाटतो. पण त्या उड्डाणाचं वजन, उंची, वेळ यांची एकही नोंद हाती नसेल तर सव्वाशे वर्षांनंतर आपण नुसते भांडत बसतो. ज्या मुलाने लिफ्टर स्वतः केला आणि मोजला, त्याला पाऱ्याच्या आयन इंजिनाची गोष्ट ऐकल्यावर लगेच प्रश्न सुचतात. किती व्होल्ट होते? वीज कुठून आणली? वजन किती होतं? हे प्रश्न विचारता येणं ही त्या प्रयोगाची मोठी कमाई आहे.

दुसरी आठवण ताजी आहे आणि लिहिताना हात जड होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथल्या आठवीपर्यंत शिकलेल्या, वेल्डिंगचं काम करणाऱ्या 24 वर्षांच्या एका तरुणाने मारुती 800 चं इंजिन लावून घरच्या घरी हेलिकॉप्टर तयार केलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये, चाचणी चालू असताना, पंख्याचं पातं तुटून त्याच्या डोक्यात बसलं आणि तो गेला. गावाने त्याचं कौतुक केलं होतं, मित्रांनी व्हिडिओ काढले होते. शेजारी उभं राहून "थांब, आधी पातं तपासू, तू लांब उभा राहा" असं म्हणणारं जाणकार माणूस मात्र त्याच्या वाट्याला आलं नाही. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव स्वतः वैमानिक होते. त्यांनी नोंदणीच्या आणि परवानग्यांच्या कागदांशी वर्षानुवर्षं झुंज दिली, सगळ्यांसमोर वैताग बोलून दाखवला, पण विमान रीतसर नोंदवून मगच उडवलं. खेड्यातल्या मुलाला यातलं कुठलं दार ठोठावायचं हेच ठाऊक नसतं. त्याच्यासाठी पहिलं आणि बहुतेक वेळा शेवटचं दार शाळेचं असतं. ते बंद असलं की तो थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

मग शाळेने करायचं काय?

टीव्ही फोडायचा नाही, हे आधी. जुन्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्राच्या कपाटात स्थिर वीज तयार करणारं विमशर्स्ट यंत्र अनेकदा धूळ खात पडलेलं असतं. दोन चकत्या उलट दिशेने फिरवायचा हाताचा दांडा, लाईनच्या विजेशी संबंध नाही, आणि वीज साठवणाऱ्या त्याच्या बरण्या काढून ठेवल्या तर साठाही अगदी थोडा. त्याच्या एका टोकाला सुई लावली आणि समोर मेणबत्ती धरली की ज्योत वाऱ्याने वाकावी तशी वाकते. टाचणीच्या टोकावर तोललेली, टोकं वळवलेली पत्र्याची फिरकी गरगर फिरते. लिफ्टरचं सगळं तत्त्व यातच आलं. सहावीच्या मुलीलाही ते सरांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करता येतं. लिफ्टर हवाच असेल, आणि नववीतल्या मुलांना तो हवाच असतो, तर विजेचा पुरवठा बाजारातून घेतलेला, एक मिलीअँपिअरच्या आत बांधलेला असावा. यंत्र पारदर्शक पेटीत असावं, झाकण उघडलं की वीज तुटावी आणि किल्ली सरांच्या खिशात असावी. खांबावर काम करण्याआधी लायनमन तारा अर्थ करतो. तशीच वीज बंद केल्यावर लांब दांड्याच्या अर्थिंगच्या सळईने फॉइल आणि तार मोकळी करायची, मगच हात घालायचा. ही सवय त्या मुलाला आयुष्यभर पुरेल.

प्रत्येक शाळेला असा संच घेणं परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. तालुक्याला एक पुरतो. अटल टिंकरिंग लॅब मंजूर झालेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंतचं अनुदान मिळतं. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यात 10 हजार रुपये जमा होतात. शेगावला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चिखलीतही आहे. वर्षातून दोन शनिवार तिथल्या प्रयोगशाळेचं दार नववी-दहावीच्या मुलांना उघडलं, तर कितीतरी टीव्ही भंगारातच राहतील. खर्च कमी म्हणून मुलाने धोका पत्करावा, ही सवय मोडायला पैशापेक्षा एखाद्या प्राध्यापकाची इच्छा जास्त लागेल.

प्रदर्शनाचा अर्जही बदलायला हवा. अमेरिकेत 1950 पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात धोकादायक उपकरण वापरायचं असेल तर काम सुरू होण्याआधी एक कागद भरावा लागतो. धोका काय, तो कमी कसा करणार, देखरेखीला कोण, आणि त्या मोठ्या माणसाची सही. आपल्याकडे मॉडेलचं नाव, उद्दिष्ट, उपयोग, खर्च एवढ्यावर अर्ज संपतो. असा एक पानी कागद तालुक्याच्या प्रदर्शनाला जोडला तर दोन गोष्टी होतील. घरी लपून केलेलं यंत्र त्या पानावर अडकेल. आणि "कोण जबाबदार?" या सरांच्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळेल. आज ते नाही, म्हणूनच चांगले शिक्षकही हात आखडतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही.

परीक्षकांनीही थोडं थांबावं. रंगीत थर्माकोल, पाठ केलेलं भाषण आणि चकाकणारे दिवे यांना गुण देऊन पुढच्या टेबलाकडे सरकण्याची रीत पडली आहे. मुलांना ती कळते आणि ती तसंच करतात. लिफ्टरसमोर उभं राहून विचारावं, "किती उचलतो?" या प्रश्नाचं उत्तर भाषणात बसत नाही, मोजावंच लागतं. अमडापूरच्या शिवारात त्यासाठी वजनं फुकट आहेत. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण 10-12 ग्रॅम भरतं, म्हणजे एक दाणा ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सोनाराच्या काट्यावर शंभर दाणे आधी मोजून घ्यायचे. मग वीज बंद, सळई लावून यंत्र मोकळं, त्रिकोणाच्या मधोमध कागदाच्या खोळीत एक दाणा, झाकण बंद, वीज चालू. उठला. पुन्हा बंद, पुन्हा सळई, दुसरा दाणा.

अशी एक वही असते. डाव्या रकान्यात तारीख, मग व्होल्ट, मग दाणे, शेवटी शेरा. एखाद्या दमट दिवशी शेऱ्यात लिहिलेलं असतं, ठिणग्या फार पडल्या, दोनच दाणे. कोरड्या दिवशी तीन. तार-फॉइलमधलं अंतर अर्धा सेंटिमीटरने वाढवलं, दाणे दोनवर आले. त्याखाली सरांची सही. शेवटच्या ओळीत चौथा दाणा. एक कोपरा उचलला गेला, दोन नाही. पुढच्या शनिवारी काड्या तासून पुन्हा.